खोली ऐकू येणारे अल्बम

रॉक संगीतातला 'इंडी' हा शब्द 'इंडिपेंडंट'चे लघुरूप आहे, आणि त्याचा मूळ अर्थ सुरांशी नव्हे, व्यवहाराशी निगडित आहे. मोठ्या कंपनीचा पैसा, तिचा स्टुडिओ आणि तिची दुकानांपर्यंत पोहोचणारी यंत्रणा यांच्याशिवाय काढलेली रेकॉर्ड ती इंडी. गाणी कोणती घ्यायची, किती लांब ठेवायची, मुखपृष्ठावर काय छापायचे, तबकडी कुठे विकायची, हे सगळे वाजवणाऱ्यांनी किंवा त्यांच्या ओळखीतल्या एखाद्या छोट्या लेबलने ठरवायचे. अशा रेकॉर्ड निघत राहिल्या तसा त्यांना कानाने ओळखता येईल असा एक पोतही आला आणि शब्दाचा अर्थ रुंदावला. व्यवहार आणि पोत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असे पुष्कळदा सांगितले जाते. गेल्या काही वर्षांतले सर्वांत चांगले इंडी अल्बम मात्र उलट सांगतात. निर्णय कोणी घेतला, कुठल्या खोलीत बसून घेतला, हे त्या गाण्यांतच ऐकू येते.

या पद्धतीची सुरुवात म्हणून बहुतेक वेळा एका चार गाण्यांच्या रेकॉर्डकडे बोट दाखवले जाते. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने घरचे आणि मित्र यांच्याकडून सुमारे ५०० पौंड उसने घेतले, १९७६च्या डिसेंबरअखेर एका दिवसात चार गाणी मुद्रित केली आणि 'स्पायरल स्क्रॅच' या नावाने पहिल्या खेपेला हजार प्रती काढल्या. प्रत्येक गाणे कितव्या प्रयत्नात मुद्रित झाले आणि त्यावर नंतर काही चढवले का, हे त्यांनी वेष्टणावरच छापले. रेकॉर्ड कशी तयार होते हे ऐकणाऱ्यापासून लपवण्याचे कारण त्यांना दिसले नाही, आणि हजारो पोरांना तेवढ्यावरून कळले की हे आपल्यालाही जमेल. १९८०च्या जानेवारीपासून ब्रिटनमध्ये इंडी रेकॉर्डच्या खपाची वेगळी यादी छापली जाऊ लागली. त्या यादीत प्रवेशाची अट संगीताच्या शैलीची नव्हती, वितरण मोठ्या कंपन्यांच्या बाहेरून झाले आहे एवढीच होती.

अमेरिकेत हेच काम छोट्या लेबलांनी आणि कॉलेजांच्या रेडिओ केंद्रांनी केले. सिअ‍ॅटलच्या सब पॉप या लेबलने १९८९ मध्ये निर्वाणा या बँडचा पहिला अल्बम 'ब्लीच' काढला. त्याच्या मुद्रणाचे बिल ६०६ डॉलर १७ सेंट झाले आणि ते जेसन एव्हरमन या गिटारवादकाने भरले. त्याने अल्बममध्ये एक सूरही वाजवलेला नाही, तरी कृतज्ञता म्हणून वेष्टणावर त्याचे नाव आहे. ओहायोतल्या डेटन गावचे शाळामास्तर रॉबर्ट पोलार्ड यांच्या गायडेड बाय व्हॉइसेस या बँडने १९९४ मध्ये 'बी थाउजंड' हा वीस गाण्यांचा अल्बम काढला. तो तळघरात आणि गॅरेजमध्ये, चार ट्रॅकच्या घरगुती यंत्रावर मुद्रित झाला होता. त्यातली टेपची खरखर आणि मधूनच बारीक होणारा गिटारचा आवाज पुढच्या पिढीने दोष मानला नाही. 'लो-फाय', म्हणजे कमी दर्जाचे मुद्रण, हा शब्द तेव्हापासून कौतुकानेही वापरला जाऊ लागला. २०११च्या फेब्रुवारीत माँट्रियलच्या आर्केड फायर या बँडच्या 'द सबर्ब्स'ला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळाले, तेव्हा अमेरिकेत तो काढणारे लेबल होते नॉर्थ कॅरोलायनातले मर्ज. दोन वादकांनी १९८९ मध्ये सुरू केलेले हे लेबल त्या रात्री सगळ्या मोठ्या कंपन्यांच्या पुढे होते.

खरखरीचे हे प्रेम मराठी कानाला परके वाटू नये. अभिजात संगीताच्या रसिकांकडे खासगी बैठकींच्या टेप असतात. त्यांत तंबोरा लावतानाचा आवाज असतो, कुणाचा तरी खोकला असतो, समेवर आलेली दाद असते, आणि रसिक त्या टेप स्टुडिओतल्या स्वच्छ मुद्रणापेक्षा अधिक जिवापाड जपतात. गवई कुठे बसला आहे, समोर माणसे किती आहेत, रात्र किती झाली आहे, हे त्या टेपमध्ये कळते. इंडी रॉकचा ऐकणारा घरगुती मुद्रणात हेच शोधतो. आवाजाभोवती खोली हवी.

तुकड्यातुकड्याने गाणी ऐकण्याच्या या काळातही इंडी रॉकमध्ये अल्बम हेच मुख्य माप राहिले आहे. १९४८ मध्ये अमेरिकेत लाँग प्ले तबकडी आली तेव्हा एका बाजूला वीस-बावीस मिनिटे संगीत मावू लागले आणि गाण्यांचा क्रम ही रचनेची बाब झाली. पहिली बाजू कशाने संपवायची, उलटल्यावर कशाने उघडायचे, शेवटी ऐकणाऱ्याला कुठे सोडायचे, याचा विचार सुरू झाला. स्ट्रीमिंगला अशा क्रमाची गरज नसते. तरीही २०२२ मध्ये अमेरिकेत विनाइल तबकड्यांचा खप नगांच्या हिशेबात सीडीच्या पुढे गेला, जे १९८७ नंतर प्रथमच घडले. ज्याला क्रमाने ऐकायचे आहे असा श्रोता टिकून आहे, आणि पुढे आलेले अल्बम त्याच श्रोत्यासाठी केलेले आहेत.

त्यांत पहिला मान बिग थीफ या अमेरिकी बँडच्या 'ड्रॅगन न्यू वॉर्म माउंटन आय बिलीव्ह इन यू'ला द्यावा लागतो. ११ फेब्रुवारी २०२२ रोजी आलेला हा अल्बम वीस गाण्यांचा आणि सुमारे ऐंशी मिनिटांचा आहे. गायिका आणि गीतकार एड्रियन लेंकर, गिटारवर बक मीक, बेसवर मॅक्स ओलेआर्चिक आणि ड्रमवर जेम्स क्रिव्हचेनिया असे तेव्हा चौघे होते. कल्पना ड्रमरची. लेंकर यांच्या लेखणीला इतक्या तऱ्हा आहेत की एकाच स्टुडिओत, एकाच ध्वनियंत्रकाकडे त्या मावणार नाहीत, म्हणून चार वेगळ्या ठिकाणी चार वेगळ्या माणसांबरोबर मुद्रण करायचे असे ठरले. न्यूयॉर्क राज्याचा ग्रामीण भाग, कॅलिफोर्नियातले टोपांगा खोरे, कोलोरॅडोचे डोंगर आणि अ‍ॅरिझोनातले टूसॉन ही ती चार ठिकाणे. एकूण पंचेचाळीस गाणी झाली आणि त्यांतून वीस निवडली गेली.

ठिकाण बदलले की हवा बदलते, हे या अल्बममध्ये नकाशा न पाहता कळते. कोलोरॅडोत असताना वीज गेली. बँडने चार ट्रॅकचे कॅसेट यंत्र ट्रकच्या सिगारेट लायटरच्या खोबणीत जोडले आणि 'सर्टन्टी' हे गाणे त्यावर मुद्रित केले. गाणे साधे आहे, दोघांनी एकत्र गायलेले, आणि त्याच्या कडा किंचित बोथट आहेत. वीज आल्यावर ते पुन्हा नीट करण्याची सोय होती, पण झाले तेच ठेवले आणि ते बरोबर होते, कारण त्या गाण्यातला निवांतपणा दुसऱ्यांदा सापडला नसता. टूसॉनच्या गाण्यांत फिडल येते आणि बँड एकदम अंगणात वाजवू लागल्यासारखा मोकळा होतो. 'स्पड इन्फिनिटी'त लेंकर यांच्या भावाने दातांत धरून वाजवायचे छोटे लोखंडी वाद्य वाजवले आहे. आपल्याकडच्या मोरचंगाचेच हे पाश्चात्त्य भावंड. त्याच्या टणत्कारावर सबंध गाणे उड्या मारते, आणि शब्द बटाट्यापासून अनंतापर्यंत ये-जा करतात. इतका गंभीर विषय इतक्या हसऱ्या ठेक्यावर मांडणे आजच्या रॉकमध्ये फार थोड्यांना साधते. वीसपैकी दोन-तीन गाणी वगळता आली असती असा एक आक्षेप आहे, पण तो पटत नाही. या अल्बमला भटकण्यासाठी जागा लागते, आणि जी गाणी किरकोळ वाटतात तीच मोठ्या गाण्यांना श्वास देतात. पुढे २०२४ मध्ये ओलेआर्चिक बाहेर पडले आणि उरलेल्या तिघांनी २०२५ मध्ये 'डबल इन्फिनिटी' काढला. तो सुरेल आहे, पाहुण्या वादकांनी भरलेला आहे, पण चौघांमधली ती न बोलता कळणारी समज त्यात कमी जाणवते.

त्याच फेब्रुवारीत, ४ तारखेला, लंडनच्या ब्लॅक कंट्री, न्यू रोड या सात जणांच्या बँडचा 'अँट्स फ्रॉम अप देअर' आला. मुद्रण आइल ऑफ वाइट या बेटावर झाले होते. नेहमीच्या गिटार-ड्रमबरोबर व्हायोलिन, सॅक्सोफोन आणि पियानो असे या बँडचे स्वरूप आहे. अल्बम यायला चार दिवस उरले असताना गायक आणि गीतकार आयझॅक वुड मानसिक स्वास्थ्याच्या कारणाने बाजूला झाले. उरलेल्या सहा जणांनी ती गाणी दुसऱ्या कोणाकडून गाऊन घ्यायला नकार दिला. ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचलेला अल्बम त्यांनी मंचावर आणला नाही, काही महिन्यांत नवी गाणी लिहिली, ती आपापसांत वाटून गायली आणि २०२३ मध्ये 'लाइव्ह अ‍ॅट बुश हॉल' म्हणून प्रसिद्ध केली. कुठल्याही हिशेबनीसाने असा सल्ला दिला नसता. स्वतंत्र असणे म्हणजे काय याचे यापेक्षा नेमके उदाहरण अलीकडे घडलेले नाही.

या अल्बममधले 'स्नो ग्लोब्स' हे नऊ मिनिटांचे गाणे बारकाईने ऐकण्यासारखे आहे. एक छोटी सुरावट सुरू होते आणि पुन्हा पुन्हा येत राहते, एकेक वाद्य तिच्यात मिसळते. मग ड्रमर चार्ली वेन लय सोडून देतो. बाकीचे जण त्याच संथ सुरावटीवर ठाम असतात आणि ड्रम मात्र दरड कोसळावी तसे त्यांच्या अंगावर येत राहतात, ठेक्याशी नाते न ठेवता. एकाच खोलीत एक घर शांत आहे आणि एक पडते आहे. शेवटचे 'बास्केटबॉल शूज' बारा मिनिटांहून लांब आहे, आणि आधीच्या गाण्यांतले धागे त्यात परत येतात. ते एकटे ऐकले तर अर्धेच कळते.

नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅशव्हिल या डोंगराळ गावातून गेल्या काही वर्षांत जे आले त्याला 'कंट्री' म्हणावे की 'रॉक' यावर बराच खल झाला आहे. वेन्सडे या बँडचा 'रॅट सॉ गॉड' हा ७ एप्रिल २०२३चा अल्बम सदतीस मिनिटांत आटोपतो. कार्ली हार्ट्झमन यांची गाणी हायवेलगतच्या वस्त्यांची आहेत. पेट्रोल पंपावरच्या पडद्यावर चालणारा टीव्ही, शाळकरी वयातले न सांगण्याजोगे उद्योग, नशेत कोसळलेल्या माणसाला शुद्धीवर आणणारे औषध, हे सगळे त्यांत येते आणि कुठेही करुणेचा देखावा होत नाही. गिटारांच्या जाड गोंगाटातून एक ओघळता, रडवा सूर सतत वर येतो. तो झँडी चेल्मिस यांच्या स्टील गिटारचा. हिंदी चित्रपटगीतांत व्हॅन शिप्ले यांनी घरोघर पोहोचवलेल्या हवायन गिटारशी त्या वाद्याचे नाते आहे. तारांवरून धातूचा दांडा घसरवत सूर काढायचा, त्यामुळे दोन सुरांमधला रस्ताही ऐकू येतो. मींडेवर पोसलेल्या कानाला हा अल्बम त्यामुळेच लवकर आपला वाटू शकतो. 'बुल बिलीव्हर' या साडेआठ मिनिटांच्या गाण्याचा शेवट मात्र हार्ट्झमन यांच्या किंकाळ्यांनी होतो आणि तो पहिल्यांदा ऐकताना आवाज कमी करावासा वाटतो. दुसऱ्यांदा तसे वाटत नाही.

याच बँडमध्ये गिटार वाजवणारे एमजे लेंडरमन यांचा 'मॅनिंग फायरवर्क्स' ६ सप्टेंबर २०२४ रोजी आला. नऊ गाणी, बहुतेक वाद्ये स्वतःच वाजवलेली, आवाज झोपेतून उठल्यासारखा. गाण्यांतले पुरुष बढाईखोर आहेत, घड्याळाची आणि होडीची मिजास मिरवतात, आणि चार ओळींत त्यांचे एकटेपण उघडे पडते. त्या माणसांची खिल्ली उडवणे सोपे होते. लेंडरमन ते करत नाहीत, शेजारी बसल्यासारखे बोलतात, आणि म्हणून ही गाणी टिकतील.

या सगळ्यांत सर्वांत धाडसी ठरला तो 'डायमंड ज्युबिली'. पॅट्रिक फ्लेगेल पूर्वी कॅनडातल्या कॅलगरीच्या विमेन या बँडमध्ये होते. २०१२ मध्ये त्या बँडचे गिटारवादक ख्रिस्तोफर रायमर यांचे अकाली निधन झाले. फ्लेगेल पुढे सिंडी ली या नावाने, स्त्रीवेषात, एकट्याने गाऊ लागले. २०२४च्या मार्चअखेर बत्तीस गाण्यांचा, दोन तासांहून लांब असा हा अल्बम त्यांनी स्पॉटिफायवर आणि इतर स्ट्रीमिंग सेवांवर ठेवलाच नाही. नव्वदच्या दशकातल्या वाटाव्या अशा एका साध्या जिओसिटीज पानावर फाइली ठेवल्या आणि तीस कॅनडियन डॉलर द्यावेत अशी विनंती लिहिली. यूट्यूबवर सगळा अल्बम एकसलग ठेवला, म्हणजे हवे ते गाणे वेगळे काढून ऐकण्याचा मोह तिथेही टळला. जाहिरात नाही, मुलाखतींची फेरी नाही. पिचफोर्क या समीक्षा नियतकालिकाने त्याला दहापैकी ९.१ गुण दिले, आणि बातमी तोंडोतोंडी पसरली.

ही वेगळी चूल मांडण्यामागे हिशेब आहे. स्ट्रीमिंगवर एका ऐकण्याचे कलाकाराला सेंटचा अंश मिळतो, आणि २०२४ पासून स्पॉटिफायने वर्षाला हजारपेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्यांचे मानधनच बंद केले. हजार हा आकडा मोठ्या गायकाला काहीच नाही. दहा-बारा गाण्यांचा पहिला अल्बम काढणाऱ्या बँडची मात्र अर्धी गाणी त्याखाली राहू शकतात. २००८ मध्ये सुरू झालेल्या बँडकॅम्प या संकेतस्थळावर श्रोता थेट अल्बम विकत घेतो आणि डिजिटल विक्रीतला १५ टक्के वाटा कंपनी ठेवते. करोनाच्या काळात, मार्च २०२० पासून, ठरावीक शुक्रवारी हा वाटाही सोडून दिला गेला. पण २०२२ मध्ये बँडकॅम्प एका व्हिडिओ गेम कंपनीने घेतली, २०२३ मध्ये ती पुन्हा विकली गेली आणि निम्म्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या. छोट्या बँडांचे बिऱ्हाड अशा भाड्याच्या जागेत आहे, आणि ही चिंतेची गोष्ट आहे.

'डायमंड ज्युबिली'चे यश केवळ युक्तीचे नाही. साठच्या दशकातल्या मुलींच्या गायनसमूहांची वाटावी अशी चाल, तिच्यावर उंच, हळवा गळा, आणि मधेच फाटलेल्या स्पीकरसारखी गिटार. दुसऱ्या खोलीतल्या रेडिओवर फार जुने, कधीच न ऐकलेले आणि तरी ओळखीचे गाणे लागले आहे असा भास दोन तास टिकतो. मधल्या काही गाण्यांत चाल विरते, नुसती धून राहते. त्याला कंटाळवाणे म्हणणारे आहेत, पण तिथेच डोळे मिटतात आणि पुढचे गाणे स्वप्नातून आल्यासारखे येते.

ही सगळी उदाहरणे बाहेरची. भारतात रॉकची पहिली वर्षे दुसऱ्यांची गाणी वाजवण्यात गेली. मुंबईत १९८६ मध्ये सुरू झालेल्या इंडिपेन्डन्स रॉक या महोत्सवाने बँडांना मंच दिला, रॉक मशीन या बँडने स्वतःची गाणी करून आणि पुढे इंडस क्रीड असे नाव घेऊन वाट पाडली. २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ब्लू फ्रॉग हे संगीताचे ठिकाण सुरू झाले आणि २०१० मध्ये पुण्यात एनएच-७ वीकेंडर हा महोत्सव. या दोन ठिकाणी स्वतःची गाणी हीच मुख्य गोष्ट होती. ब्लू फ्रॉग २०१६ मध्ये बंद झाले. २०२३च्या जानेवारीत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर भारतातला पहिला लोलापालूझा महोत्सव झाला. न्यूयॉर्कचे द स्ट्रोक्स आणि मिशेल झॉनर यांचा जॅपनीज ब्रेकफास्ट हे नव्या इंडी रॉकमधले दोन मोठे बँड तिथे वाजले.

त्या ओघातला सर्वांत महत्त्वाचा भारतीय बँड दिल्लीचा पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी. २०१९चा 'बिस्मिल्ला' आणि ९ ऑगस्ट २०२४चा 'बेटा' हे त्यांचे अल्बम देशाबाहेरही आवडीने ऐकले गेले. शीर्षके अशी, गाणी मुख्यतः इंग्रजीत. सूर्यकांत साहनी यांचा खर्जातला, मखमली गळा जुन्या नाइट क्लबची आठवण देतो, आणि ट्रंपेट शिरले की लग्नाच्या वरातीची. 'बिस्मिल्ला' अधिक धीट आहे, 'बेटा' अधिक समंजस. दोन्हींत कुणाची नक्कल नाही. मराठीत अजून असा सलग इंडी रॉक अल्बम कानावर यायचा आहे, पण अभंग रिपोस्ट हा तरुण बँड संतांचे शब्द बेस गिटार आणि ड्रमवर घेऊन उभा आहे, आणि तिथून काही घडेल अशी आशा वाटते.

नव्याने ऐकणाऱ्याने 'मॅनिंग फायरवर्क्स'पासून सुरुवात करावी. तो छोटा आहे आणि चाली लगेच ओठांवर बसतात. बिग थीफचा अल्बम एखाद्या रविवारी सकाळी लावावा, 'बेटा' प्रवासात चालेल. 'अँट्स फ्रॉम अप देअर'साठी तासभर मोकळा वेळ हवा, मध्ये फोन नको. 'डायमंड ज्युबिली' रात्रीचाच आहे, दिवे मालवून. तबकडीच्या रूपात त्याच्या तीन तबकड्या आहेत, म्हणजे सहा बाजू. दोन तासांत पाच वेळा उठायचे, बाजू बदलायची, आणि परत जागेवर येऊन बसायचे.